आइस हॉकी वर्ल्ड चॅम्पियनशिप: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं प्रागमध्ये. दर मे महिन्यात माझं स्टेटस आइस हॉकीनं भरून जातं आणि मग आई, मावसभाऊ, कॉलेजचा ग्रुप, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. मागच्या वर्षी एकाच आठवड्यात 'ऑफसाइड म्हणजे काय' चार वेळा टाइप केलं, तेव्हा ठरवलं की एकदाच बसून लिहून काढायचं, पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळं व्हायचं.

आपली हॉकीच ना ती, फक्त बर्फावर?

नाव सोडलं तर फार काही सारखं नाही. एका टीमचे एका वेळी सहा जण, त्यातला एक गोलकीपर. बॉलच्या जागी पक, म्हणजे कडक रबराची चपटी चकती, इंचभर जाड आणि तीन इंच रुंद. वजन १५६ ते १७० ग्रॅम, थोडक्यात आपल्या क्रिकेटच्या सीझन बॉलएवढं. मॅचच्या आधी पक गार करून ठेवतात कारण नॉर्मल रबर बर्फावर बेडकासारखं उड्या मारतं.

वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे साठ मिनिटांची मॅच आपले अडीच तास आरामात खाते. आणि खेळाडू सारखे बदलत असतात, एकेक जण पाऊण मिनिट जीव तोडून पळतो, मग कठड्यावरून आत उडी मारून बाकावर बसतो आणि त्याच्या जागी दुसरा बाहेर उडी मारतो, हे सगळं खेळ चालू असतानाच. पहिल्यांदा बघताना मला वाटलं होतं की कोणीतरी सारखं रुसून निघून जातंय.

वर्ल्ड कप का वर्ल्ड चॅम्पियनशिप?

चॅम्पियनशिप. वर्ल्ड कप नावाची दुसरी स्पर्धा आहे, ती कधीमधी होते, तिच्याबद्दल इथं काही नाही. चॅम्पियनशिप भरवतो आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ, जो १९०८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये (हो, उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये!) आइस हॉकी खेळली गेली, तीच पहिली चॅम्पियनशिप धरतात. १९६८ पर्यंत ज्या वर्षी ऑलिम्पिक असेल त्या वर्षी तिथला विजेता तोच जगज्जेता, वेगळी स्पर्धा नाही.

स्वतंत्र अशी पहिली स्पर्धा १९३० ला फ्रान्समध्ये शामोनीला सुरू झाली आणि ऐन स्पर्धेत ऊन पडून बर्फ वितळला. उघड्यावरचा बर्फ तो, करणार काय. मग सगळं गुंडाळून राहिलेल्या मॅचेस बर्लिन आणि व्हिएन्नाला नेल्या. कॅनडाला म्हणाले तुम्ही डायरेक्ट फायनल खेळा, ते आले, जर्मनीला ६-१ नं हरवलं आणि एकाच मॅचमध्ये जगज्जेते होऊन घरी गेले. आपल्याकडं पावसानं मॅच वाहून जाते, यांची ऊन्हानं.

दर वर्षी होते म्हणतोस, मग तिला किंमत काय राहिली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे. वर आणखी एक गोम आहे, ती म्हणजे जगातले सगळ्यात भारी खेळाडू बऱ्याचदा या स्पर्धेत नसतातच. स्पर्धा मे महिन्यात आणि तेव्हाच अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल लीगचे प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या, चालू असतात, ते जूनपर्यंत. ज्यांची क्लब टीम बाहेर पडते तेवढेच मोकळे होतात, आणि त्यातलेही काही म्हणतात की बाबा वर्षभर मार खाल्लाय, आता जरा झोपू द्या.

माझा एक चुलतभाऊ कॅनडात मिसिसागाला असतो, त्याचा पोरगा हॉकी खेळतो, प्रॅक्टिससाठी पहाटे पाचला उठून बापालाही उठवतो. त्याला मी विचारलं वर्ल्ड चॅम्पियनशिप बघतोस का, तर म्हणाला, 'काका, मे म्हणजे स्टॅन्ली कप.' (एनएचएलची ट्रॉफी ती.) कॅनडात साधारण हाच सूर. आणि तरी कॅनडानं ही स्पर्धा २८ वेळा जिंकलीय.

पण माझं म्हणणं असं आहे की हीच या स्पर्धेची मजा आहे. कॅनडा पाठवतो जे मोकळे असतील त्यांना, आणि समोर लॅटव्हिया, डेन्मार्क, ऑस्ट्रिया असे देश ज्यांच्यासाठी वर्षातले हे सोळा-सतरा दिवस म्हणजे गावची जत्रा. मग काय होतं बघा. २०२४ ला प्रागमध्ये कॅनडा ऑस्ट्रियाविरुद्ध ६-१ नं पुढं, लोक बिअर आणायला उठले, आणि शेवटच्या पिरियडमध्ये ऑस्ट्रियानं पाच गोल मारून ६-६ केलं. ओव्हरटाईमला कॅनडा कसाबसा ७-६ जिंकला. २०२५ ला तर सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅकिनन हे एनएचएलचे बडे स्टार, दोघंही कॅनडाच्या टीममध्ये होते, म्हणजे अगदी सोन्याची खाण, आणि क्वार्टर फायनलला डेन्मार्कनं त्यांना २-१ नं घरी पाठवलं, विजयी गोल शेवटच्या मिनिटात.

आणि लॅटव्हिया. वीस लाखांच्या आत लोकसंख्या, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. २०२३ ला त्यांनी ओव्हरटाईमला अमेरिकेला ४-३ नं हरवून ब्राँझ घेतलं, देशाचं या स्पर्धेतलं पहिलंच मेडल. त्या रात्री त्यांची संसद मध्यरात्री भरली आणि दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर करून टाकली. सोमवार होता. तिसऱ्या नंबरासाठी! सगळे भारी खेळाडू असलेल्या स्पर्धेत मला हे बघायला मिळालं असतं का, शंका आहे.

फॉरमॅट काय असतो?

सोळा देश, आठ-आठचे दोन गट, प्रत्येक जण सात मॅचेस खेळतो. गटातले पहिले चार क्वार्टर फायनलला. साठ मिनिटांत जिंकलात तर तीन पॉइंट, ओव्हरटाईम किंवा शूटआउटला (एकेकानं एकट्या गोलकीपरसमोर गोल मारायचा) जिंकलात तर दोन आणि तिथं हरणाऱ्यालाही एक. एकूण ६४ मॅचेस. दोन्ही गटातला शेवटचा देश खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला जातो आणि खालून दोन वर येतात, त्यामुळे तळाची मॅचसुद्धा कोणी लाइटली घेत नाही, उलट तिथं जास्त जीव लावून खेळतात. फायनलला शूटआउट नाही, तीन विरुद्ध तीन खेळत राहायचं, गोल पडेपर्यंत.

नियम समजत नाहीत, शिट्टी कशासाठी वाजते तेच कळत नाही

तीन गोष्टी कळल्या की ऐंशी टक्के काम झालं.

ऑफसाइड: रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, दोन निळ्या रेघा असतात. समोरच्याच्या भागात पक आधी गेला पाहिजे, मग माणसं. आधी माणूस घुसला की शिट्टी. पाहुण्याच्या आधी पाहुण्याची बॅग घरात आली पाहिजे, असं आईला सांगितलं तेव्हा तिला लगेच कळलं.

आइसिंग: आपल्या अर्ध्यातून पक नुसताच लांब मारून समोरच्या गोललाइनच्या पार घालवला तर खेळ थांबतो आणि पक परत तुमच्याच गोलजवळ आणतात. म्हणजे वेळ काढायला चेंडू शेजारच्या गच्चीवर मारायचा नाही, तोच जुना गल्लीचा नियम. वरून शिक्षा अशी की ज्यांनी मारला ते खेळाडू बदलू देत नाहीत, दमलेल्यांनीच पुन्हा उभं राहायचं.

पॉवर प्ले: क्रिकेटचा नाही. कोणी पाय अडकवला, काठीनं धरलं, ओढलं, की तो दोन मिनिटं काचेच्या खोक्यात जाऊन बसतो आणि त्याची टीम एक माणूस कमी घेऊन खेळते. त्या दोन मिनिटांत गोल झाला तर तो सुटतो. त्या खोक्यात बसलेल्या माणसाचा चेहरा कॅमेरा हमखास दाखवतो, वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखा असतो.

आणि शेवटच्या दोन मिनिटांत हरणारी टीम आपला गोलकीपरच बाहेर काढते, त्याच्या जागी एक जादा खेळाडू. गोल उघडा. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टीव्हीसमोर ओरडलो होतो की अरे तुमचा गोलकीपर कुठाय! मुद्दाम करतात ते, हरायचंच आहे तर एक गोलनं काय आणि दोन गोलनं काय.

मारामारी चालते म्हणे?

एनएचएलमधले व्हिडिओ बघून सगळे हेच विचारतात. तिथं हातमोजे फेकून गुद्दागुद्दी झाली तर पाच मिनिटं बसवतात आणि परत घेतात. इथं ठोसे मारले की मॅचमधूनच बाहेर, त्यामुळे फार कमी दिसते. धक्के मात्र भरपूर, खांद्यानं काचेवर चेपणं नियमातच आहे. पुढच्या रांगेत बसलात तर काच तुमच्या नाकासमोर थरथरते.

मॅच संपल्यावर सगळे रांगेत का उभे राहतात?

माझी सगळ्यात आवडती गोष्ट. प्रत्येक मॅचनंतर, फायनलनंतरच नाही, प्रत्येक मॅचनंतर, दोन्ही टीम आपापल्या निळ्या रेघेवर उभ्या राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. आधी नाही, नंतर. म्हणजे तुमचं राष्ट्रगीत ऐकायचं असेल तर जिंकावं लागतं, आणि हरलात तर घामानं निथळत, हेल्मेट काढून, समोरच्याचं पूर्ण ऐकावं लागतं. मग सगळे हात मिळवतात. टीव्हीवर बघणारे बरेच जण मॅच संपली की चॅनल बदलतात, ते चुकतात.

कॅनडा इतका भारी तर बाकीच्यांनी कधी जिंकायचं?

जिंकलेत की. सोव्हिएत युनियन २२ वेळा, स्वीडन ११, चेकोस्लोव्हाकिया ६ आणि तो देश फुटल्यावर चेक ७, फिनलंड ४. सुरुवातीला कॅनडा राष्ट्रीय टीम पाठवतच नव्हता, एखादा हौशी क्लब उचलून पाठवायचा, म्हणजे आपण वर्ल्ड कपला एखाद्या तालुक्याची तालीम पाठवावी तसं. धातू गाळण्याच्या कारखान्याच्या गावचे ट्रेल स्मोक ईटर्स १९३९ ला आणि १९६१ ला जगज्जेते झाले. पण १९५४ ला स्टॉकहोमला सोव्हिएत टीम पहिल्यांदाच आली आणि कॅनडाच्या क्लबला ७-२ नं हरवून जिंकून गेली, तिथून चित्र पालटलं.

मग भांडण झालं व्यावसायिक खेळाडूंवरून. कॅनडाचं म्हणणं, तुमचे सैन्यातले 'हौशी' वर्षभर हॉकीच खेळतात आणि आमच्या पगारी खेळाडूंना मात्र बंदी, हे कसं. १९७० ची स्पर्धा कॅनडात व्हायची होती, त्यांनी ती सोडली आणि १९७७ पर्यंत आलेच नाहीत. रुसवा सात वर्षं टिकला, आमच्या भावकीत याहून लांबलेले आहेत.

चेक लोक एवढे वेडे का होतात?

याचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

१९४७ ला चेकोस्लोव्हाकिया पहिल्यांदा जगज्जेता झाला, प्रागमध्येच. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसहून लंडनला जाताना त्यांच्या टीमचे सहा खेळाडू विमान अपघातात गेले, इंग्लिश खाडीवर. उरलेल्यांनी नवीन पोरं घेऊन दोन-तीन महिन्यांत १९४९ ची स्पर्धा जिंकली. १९५० ला लंडनला विजेतेपद राखायला निघाले तर विमानतळावर कम्युनिस्ट सरकारनं सांगितलं, जायचं नाही. कारण दिलं की आपल्या रेडिओच्या पत्रकारांना व्हिसा मिळाला नाही. खरी भीती ही की पोरं तिकडंच राहतील, परत येणार नाहीत. दोन दिवसांनी खेळाडू एका दारूच्या गुत्त्यात जमले, चिडलेलेच होते, सरकारला शिव्या घातल्या, आणि तिथंच पोलिसांनी उचलले. खटला देशद्रोहाचा. गोलकीपर बोहुमिल मोद्रीला १५ वर्षं, गुस्ताव बुबनीकला १४. तो मोद्री त्या रात्री गुत्त्यात नव्हताच. बऱ्याच जणांना युरेनियमच्या खाणीत कामाला लावलं. १९५५ ला माफी मिळून सुटले पण मोद्रीची तब्येत गेली ती गेलीच, १९६३ ला वारला, वय ४६. जगज्जेती टीम आणि तिच्याच सरकारनं ती खाणीत घातली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा विचारलं की नक्की का.

मग १९६८. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. पुढच्या वर्षीची चॅम्पियनशिप प्रागला होती, ती स्टॉकहोमला हलवली. मार्च १९६९ मध्ये तिथं चेकोस्लोव्हाकियानं सोव्हिएत टीमला एकदा २-० आणि आठवड्यानं ४-३ असं दोनदा हरवलं. काही खेळाडूंनी जर्सीवरच्या सिंहाच्या डोक्यावरच्या लाल ताऱ्यावर चिकटपट्टी लावली होती, मॅचनंतर हात मिळवले नाहीत. दुसऱ्या मॅचनंतर लाखभर लोक प्रागच्या वेन्सेस्लास चौकात, आणि तिथलं सोव्हिएत विमान कंपनीचं ऑफिस लोकांनी फोडलं. त्याचंच निमित्त करून तीन आठवड्यांत देशाचा सुधारणावादी नेता दुबचेक याला खुर्चीवरून उतरवलं आणि सोव्हिएतांना चालणाऱ्या हुसाकला बसवलं.

आणि गंमत ऐका, ती स्पर्धा चेकोस्लोव्हाकिया जिंकला नाही. तिघांचे पॉइंट सारखे झाले, गोलच्या फरकावर सोव्हिएत पहिले, स्वीडन दुसरे आणि हे तिसरे. इथं कोणालाही विचारा १९६९ ला काय झालं, ते सांगतात आम्ही रशियनांना दोनदा हरवलं. नंबर कितवा आला ते कोणी सांगत नाही, विचारलं तर आठवून बघतात.

चेक हॉकीचा सुपरस्टार यारोमीर यागर, त्याच्या पाठीवर ६८ नंबर का, तेही यातच आलं.

२०२४ ला तू तिथं होतास ना? फायनल बघितलीस?

होतो, पण स्टेडियममध्ये नाही. माझ्या तिकिटाची कहाणी वेगळीच आहे. स्पर्धा प्राग आणि ओस्ट्राव्हा अशा दोन शहरांत होती आणि मी रात्री एक वाजता घाईघाईत तिकीट काढलं, 'लॅटव्हिया विरुद्ध पोलंड', शहर बघितलंच नाही. ओस्ट्राव्हा ट्रेननं साडेतीन तासांवर. बायको म्हणाली आता काढलंयस तर जा. गेलो, आणि नशीब म्हणायचं, कारण पोलंड २२ वर्षांनी वरच्या डिव्हिजनमध्ये आला होता आणि त्यांची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लाल-पांढऱ्या स्कार्फचा पूर. शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन, दोघांच्या गालावर रंग. मॅच ओव्हरटाईमला गेली, लॅटव्हिया ५-४ जिंकला, आजोबा रडले, मग लॅटव्हियाच्या राष्ट्रगीताला टोपी काढून उभे राहिले. पोलंड शेवटी खाली गेलाच त्या वर्षी.

फायनल मी शेजारच्या आजींकडं बघितली. ऐंशीला आलेल्या, १९६९ ला त्या चौकात होत्या. त्यांची पद्धत अशी की टीव्ही म्यूट आणि कॉमेंट्री रेडिओवर, कारण टीव्हीवाले बडबड करतात म्हणे. आता रेडिओ असतो पुढं आणि टीव्ही काही सेकंद मागं, म्हणजे आधी ऐकायचं आणि मग दिसायचं. तिसऱ्या पिरियडमध्ये चेक ०-०, समोर स्वित्झर्लंड, आणि टीव्हीवर पक अजून मधल्या भागातच घुटमळतोय तोवर रेडिओ फुटल्यासारखा ओरडला. आजी उठून उभ्या, मी स्क्रीनकडं बघतोय की कुठाय गोल, आणि मग दिसलं, डेव्हिड पास्टर्नाकनं मारला. त्याची एनएचएल टीम आठवड्याभरापूर्वीच बाहेर पडली होती म्हणून तो आलेला, क्वार्टर फायनलपासून. शेवटी स्वित्झर्लंडनं गोलकीपर काढला आणि डेव्हिड केम्फनं रिकाम्या गोलमध्ये दुसरा टाकला. २-०.

खाली रस्त्यावर हॉर्न चालू झाले. इथं एक घोषणा आहे, 'क्दो नेस्काचे, नेनी चेख, होप होप होप', म्हणजे जो उड्या मारत नाही तो चेक नाही. आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी टेबलाची कड धरली आणि चवड्यांवर वर झाल्या, तीनदा. मी उड्या मारल्या, खालच्या मजल्यावरचे काही बोलले नाहीत, तेही मारत असणार.

त्या वर्षी स्पर्धेला ७,९७,७२७ प्रेक्षक आले, या स्पर्धेचा रेकॉर्ड आहे तो. त्यातला एक मी, चुकीच्या शहरात.

रशिया कुठं गेला?

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून रशिया आणि बेलारूस दोन्ही बाहेर आहेत. २०२१ ची स्पर्धा लॅटव्हियातलं रीगा आणि बेलारूसमधलं मिन्स्क इथं होती, त्यातून मिन्स्क आधीच काढलं होतं, सगळी रीगाला झाली.

बायकांची पण असते का?

असते, १९९० पासून, पहिली ओटावाला. तेव्हा कॅनडाच्या टीमला गुलाबी जर्सी दिली होती, लोकांचं लक्ष वेधायला म्हणून, त्यावर अजून वाद घालतात. बायकांच्यात अमेरिका आणि कॅनडा सोडून कोणी जिंकलेलंच नाही. २०१९ ला फिनलंड आपल्या घरी एस्पोला फायनलमध्ये पोचलं, ओव्हरटाईमला गोलही मारला, सगळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर, आणि रेफ्रींनी व्हिडिओ बघून रद्द केला. शूटआउटला अमेरिका जिंकली. फिनिश मित्रासमोर हा विषय काढू नका.

भारत का नाही खेळत?

भारत १९८९ पासून महासंघाचा सभासद आहे, लोकांना हे माहीतच नसतं. पण चॅम्पियनशिपच्या कुठल्याच डिव्हिजनमध्ये आपण खेळत नाही, कुवेत, हाँगकाँग, थायलंड खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतात. वाळवंटात खेळतात आणि हिमालयवाले नाहीत, कारण साधं आहे, त्यांच्याकडं बाराही महिने चालणारे बंदिस्त रिंक आहेत. आपल्याकडं हा खेळ लडाखचा, तिथं डिसेंबर-जानेवारीत तळं गोठलं की दोन महिने खेळायचं, लेहचं कारझू त्यासाठी प्रसिद्ध. लडाख स्काउट्स (सैन्याची तिथली रेजिमेंट) आणि आयटीबीपी (तिबेट सीमेवरचं पोलीस दल) यांच्या टीम तगड्या. शिमल्याला १९२० पासूनचं नैसर्गिक बर्फाचं रिंक आहे. देहरादूनला २०११ ला मोठं बंदिस्त रिंक बांधलं, मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं, २०२५ ला परत चालू झालंय. मुंबईकरांना एस्सेलवर्ल्डचं रिंक आठवत असेल, तिथं कठडा धरून सरकण्यापलीकडं माझी मजल कधी गेली नाही.

पण आशियाई स्पर्धांमध्ये आपण आहोत, आणि त्यात पोरी पुढं आहेत. भारताची महिला टीम २०१६ ला पहिल्यांदा बाहेर खेळली, तैपेईला, सगळ्या मॅच हरली. २०१७ ला बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ नं हरवून पहिला विजय. आणि २०२५ ला संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ. जवळपास सगळ्या लडाखच्या पोरी. आपल्या पेपरात कुठल्या पानावर आलं होतं ते शोधून बघा, मला चार ओळी सापडल्या.

भारतातून बघायचं कसं, वेळ काय?

महासंघाच्या यूट्यूब चॅनलवर मॅचनंतर हायलाइट्स येतात, सुरुवात तिथून करा. मध्य युरोपात असेल तर संध्याकाळची मॅच ४:२० ला म्हणजे आपल्याकडं ७:५० ला, जेवताना बघण्यासारखी. रात्रीची ८:२० ची मात्र आपल्याकडं ११:५० ला चालू होते, ओव्हरटाईम झाला तर पहाटेचे तीन धरून चाला.

पक दिसतच नाही ही तक्रार सगळ्यांची. पक बघूच नका, खेळाडूंची अंगं कुठं वळतायत ते बघा, दोन मॅचमध्ये डोळा बसतो.

कोणाला सपोर्ट करू?

कॅनडाला नको, त्यांना गरज नाही. २०२५ ला अमेरिका जिंकली, फायनलला ओव्हरटाईममध्ये टेज थॉम्पसनच्या गोलवर १-०, १९३३ नंतर पहिल्यांदाच त्यांनी ही स्पर्धा अशी स्वतंत्र जिंकली. त्यांनी आपला जुना खेळाडू जॉनी गॉड्रोची जर्सी हातात धरून फोटो काढला, तो आदल्या ऑगस्टमध्ये सायकलवरून जाताना गाडीनं उडवल्यानं वारला होता. ते बघून माझा अमेरिकेवरचा राग अर्धा गेला.

पण मला विचाराल तर स्वित्झर्लंड. २०१३ सिल्व्हर, २०१८ सिल्व्हर शूटआउटला हरून, २०२४ सिल्व्हर, २०२५ सिल्व्हर. शेवटच्या दोन फायनलमध्ये त्यांनी एकही गोल मारलेला नाही, शून्य. सोनं एकदाही नाही, आजपर्यंत. २०२० ची स्पर्धा त्यांच्या घरी होती ती कोरोनानं रद्द झाली, आता २०२६ ची मिळालीय, झ्युरिक आणि फ्रीबूर्ग, १५ ते ३१ मे. आजींना सांगितलं यंदा मी स्विस लोकांकडून, तर त्यांनी माझ्यासाठी आणलेलं कोलाचेचं (इथल्या गोड पावांचं) ताट दोन दिवस दिलं नाही.

आत थंडी वाजते का, जॅकेट लागेल?

वरच्या रांगांना शर्टवर चालतं. खाली काचेजवळ बसणार असाल तर स्वेटर घ्या, पाय गारठतात. आणि तिकीट काढताना शहर बघा.